अपेंडिक्ससाठी एमआरआय? लवकर सांगा

रापण_७: काल रात्रीपासून बायकोच्या पोटात दुखतंय. आधी बेंबीपाशी, आता उजवीकडे. दोन उलट्या. देवगडातच सोनोग्राफी केली, रिपोर्टात ‘अपेंडिक्स दिसले नाही’. डॉक्टर एमआरआय सांगतात. डोक्याचा, मणक्याचा ऐकलाय. पोटाचा कुणी केलाय का? की उगाच खर्च? तासाभरात ठरवायचंय.

घाटावरचा: सीटी करा, पाच मिनिटांचं काम. माझ्या भावाचं त्यातच कळलं. एमआरआय म्हणजे द्राविडी प्राणायाम.

सोलकढी: ताप? काउंट?

रापण_७: ९९.५. पांढऱ्या पेशी १४ हजार. सीटी नको म्हणाले, बाळ आहे ना.

सोलकढी: कुठलं बाळ??

रापण_७: सहावा महिना. ‘मुलीसाठी नाव सुचवा’ धागा माझाच होता की!

सोलकढी: अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! (आणि मुलगीच कशावरून?)

माजघर: प्रसूतिगृहात सिस्टर आहे, म्हणून लिहिते. गरोदरपणात काउंट तसाही वाढलेला असतो, नुसत्या १४ हजारांवरून काही ठरत नाही. गर्भाशय वाढलं की अपेंडिक्स वर सरकू शकतं, सोनोग्राफीत बरेचदा सापडतच नाही. ‘दिसले नाही’ म्हणजे ‘ठीक आहे’ नव्हे. एमआरआयला सीटीसारखे क्ष-किरण नाहीत, म्हणून सांगितलाय. रंगाचं इंजेक्शन (गॅडोलिनियम) नको, ते वारेतून बाळाकडे जातं. त्याशिवायही सुजलेलं अपेंडिक्स दिसतं. वीस-तीस मिनिटं लागतील, आवाज फार. नुसत्या स्कॅन सेंटरला नेऊ नका. सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ नि मशीन एका छताखाली असेल तिथेच न्या. फुटलं तर बाळाला धोका कितीतरी वाढतो.

मालवणी_मसालो: माझ्या झिलाच्या पोटात पण असाच दुखी होता. ओवो नि मीठ चावून खाल्ल्यान, सकाळी खडखडीत.

माजघर: कृपा करून ओवा नको, शेक नको, एरंडेल तर नकोच. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं.

घाटावरचा: मग कोल्हापूर. फोंडा घाटाने निघा.

आंबोळी: घाटात वळणावळणाला पोट हिसडणार तिचं. सरळ हायवेने गोव्याला, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात.

घाटावरचा: हायवेवरचे खड्डे मोजलेत का कधी?

पागोळी: सोनोग्राफीला एफ फॉर्म भरून घेतला ना? गर्भलिंगनिदानबंदीच्या १९९४ च्या कायद्याने लागतोच.

रापण_७: भरला हो, त्याचं आत्ता काय! कोल्हापूरला फोन लागला. सर्जन आधी हाताने तपासणार, मग मशीन. धातूचं सगळं काढून या म्हणाले. मंगळसूत्र, बांगड्या निघाल्या. पाय सुजलेत, डाव्या पायाचं जोडवं निघत नाहीये.

माजघर: साबण नि गार पाणी. नाहीच आलं तर बोटाला दोरा गुंडाळून ओढा.

रापण_७: दोऱ्याने निघालं. आईने पदराला बांधलं. गाडी दारात आलीय.

पागोळी: नाव शेवटी काय ठरलं?