पिकअपचा सायलेन्सर सडलाय, ठिगळ मारू की डबा बदलू?

मंडळी, मदत हवी आहे. २०१४ ची डिझेल पिकअप आहे, केळीच्या भाड्यावर चालते. गेल्या आठवड्यात बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर सावद्याजवळ खड्ड्यात आदळली, तेव्हापासून ट्रॅक्टरसारखी फटफटतेय. मी फाट्यावर असतानाच घरी चहाचं आधण ठेवतात!

खाली झोपून पाहिलं. डब्याच्या शिवणीला बोटभर फट, भोवती काजळी. स्क्रूड्रायव्हर टोचला तर पत्रा पापडासारखा मोडला. पुढचा पाइप मात्र ठणठणीत. एम-सील लावून पाहिलं, दोन दिवसांत उष्णतेने निघालं. माझाच येडेपणा.

एक वेल्डर म्हणतो ठिगळ मारून देतो. दुसरा म्हणतो, सडक्या पत्र्यावर टाका धरणारच नाही, डबा काढून सरळ पाइप टाक. पण मग आवाजाचा दंड कोण भरणार? आख्खा नवा सेट परवडत नाही.

जळगाव-भुसावळकडे फक्त डबा कापून दुसरा जोडून देणारं कुणी आहे का? भंगारातला डबा घ्यावा का? वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढतात ना? केबिनमध्ये धूर येतोय, त्यामुळे घाई आहे.