यील्डला मराठीत काय म्हणायचं? 'परतावा' पटत नाही

काल बाबांना बाँडचं (म्हणजे कर्जरोख्याचं) समजावत होतो आणि 'यील्ड'पाशी गाडी अडली. पेपरात सर्रास 'परतावा' छापतात, पण मग रिटर्नलाही परतावा आणि इन्कम टॅक्सचा रिफंड आला तर तोही कर परतावाच. बाबांचं म्हणणं, कागदावर 8 टक्के लिहिलंय ना मग 8च मिळणार, तू 8.89 कुठून आणलास. आता हजाराचा रोखा मी बाजारात 900 ला घेतला, व्याज दर्शनी किमतीवर, म्हणजे कागदावर छापलेल्या हजारावर, वर्षाला 80च, पण माझ्या खिशातून गेले 900, म्हणून 80 भागिले 900. याला व्याजदर म्हणता येत नाही, 'उत्पन्न' म्हणावं तर ते 80 रुपये झाले, टक्का नाही झाला. सुचवा काहीतरी.

---

उतारा! कारखान्यावर हाच शब्द आहे. 100 किलो उसातून 10 किलो साखर निघाली की उतारा 10 टक्के. एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) सुद्धा 10.25 टक्के उतारा धरून जाहीर होते, त्याच्या वर उतारा पडला की उसाला दर जास्त. किती घातलं आणि त्यातून किती निघालं हे त्या शब्दातच आलं.

---

उतारा म्हटलं की मला एकतर सातबारा आठवतो नाहीतर तिठ्यावर ठेवलेला दहीभात. शिवाय ऊस गाळला की चिपाडं उरतात, इथे मुद्दल शाबूत राहतं (राहावं अशी आशा असते).

---

शब्द कुठलाही घ्या पण 'कशावर' ते सांगा, सगळा घोळ तिथेच होतो. '500 टक्के लाभांश' अशी बातमी वाचून आमचे मामा उडालेच होते, शेअर घ्यायलाच निघाले. दर्शनी किंमत 1 रुपया, म्हणजे लाभांश 5 रुपये, आणि शेअर चाललाय 1000 ला. उतारा अर्धा टक्का! घराचंही तसंच, 80 लाखांचा फ्लॅट, भाडं महिना 20 हजार, म्हणजे वर्षाला 3 टक्के, त्यातून मेंटेनन्स आणि प्रॉपर्टी टॅक्स वजा करा आणि गप्प बसा.

---

पण 900 चे मुदतीअखेर 1000 मिळणार, ते वरचे 100 कुठे धरलेत? 5 वर्षं बाकी असतील तर ते धरून साधारण 10.7 टक्के पडतं. त्याला 'मुदतअखेर उतारा' म्हणू, आणि 8.89 ला 'चालू उतारा'.

---

चालू उतारा मस्त आहे. बाबांना म्हटलं 900 चा ऊस घातला, 80 ची साखर निघाली, तर लगेच कळलं. आता तोच रोखा 1100 ला गेला तर उतारा 7.27 वर येतो, यावर अडलेत. भाव चढला तर उतारा पडेल कसा, असं विचारतायत.