शाक्यमुनी इतिहासात नसते, तर धम्म उरला असता का?

उंबरठा :
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सचे सेनार आणि हॉलंडचे केर्न हे दोन पंडित बुद्धचरित्राकडे सूर्यकथा म्हणून, म्हणजे सूर्याविषयीच्या पुराणकथेचे रूप म्हणून, पाहत होते, आणि केर्न यांच्या मांडणीत तर गौतम नावाचा माणूस जवळजवळ विरघळूनच गेला होता. पुढे १८९६ साली लुंबिनीचा अशोकस्तंभ उजेडात आला, त्यावर ‘हिद बुधे जाते सक्यमुनी’ (येथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले) हे शब्द वाचले गेले आणि तो वाद मागे पडला. तो स्तंभ सापडलाच नसता तरी धम्माचे काही बिघडले नसते, असे माझे मत आहे. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे, असे ख्रिस्ती प्रेषित पौलाने करिंथ शहरातील श्रद्धावंतांना स्वच्छ लिहिले, कारण तेथे श्रद्धेचा पायाच एक घडलेली घटना आहे. याउलट अंगुत्तर निकाय हा पाली बौद्ध ग्रंथ म्हणतो की तथागत उत्पन्न होवोत वा न होवोत, सर्व संस्कार, म्हणजे कारणांनी घडलेल्या सर्व गोष्टी, अनित्य आहेत हा नियम कायमच आहे. बाबासाहेबांनीही बुद्धाला मोक्षदाता न म्हणता मार्गदाता म्हटले. वाट खरी असेल, तर ती दाखवणाऱ्याचा जन्मदाखला कशाला हवा?

पाणवठा :
आपण बाबासाहेबांचा अर्धाच आधार घेतला आहे. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा त्यांनी नाकारली, कारण एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता हे बुद्धीला पटत नाही. तिच्या जागी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि त्यांचे शेजारी कोलीय यांच्यात झालेला तंटा ठेवला, ज्याकडे धर्मानंद कोसंबींनी आधीच लक्ष वेधले होते. नुसता उपदेश पुरेसा असता, तर चरित्राची एवढी डागडुजी करण्याचे कारण काय होते? कारण असे की, देवाच्या मदतीवाचून एक माणूस दुःखाच्या पार गेला, हा या धर्माचा मुख्य दावा आहे. तो माणूस काल्पनिक ठरला, तर औषध कोणालाच लागू पडले नाही असा त्याचा अर्थ होतो. त्रिशरणात पहिले शरण बुद्धालाच आहे, हेही सोडून देऊ नये.

काजवा :
लुंबिनीच्या शिळेवर दोघांचाही भरवसा जरा जास्तच दिसतो. तेथून फार दूर नसलेल्या निगाली सागरच्या स्तंभावर हाच अशोक म्हणतो की राज्याभिषेकाच्या चौदाव्या वर्षी त्याने कोनाकमन बुद्धाचा स्तूप दुप्पट केला. हा बुद्ध गौतमाच्या आधीचा, आणि त्याला इतिहासपुरुष कोणी मानत नाही! म्हणजे स्तंभ सांगतो ते अशोकाच्या काळातील लोकांच्या समजुतीबद्दल. आपल्या नालासोपाऱ्यातही १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना स्तूपात अस्थिपात्राभोवती आठ मूर्ती मिळाल्या : गौतम धरून सात बुद्ध आणि अजून यायचा असलेला मैत्रेय. त्या पुरणाऱ्याने इतिहास आणि पुराण यांमध्ये रेघ ओढलेली नाही.

उंबरठा :
काजवा, आपला मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. पाणवठा, औषधाची उपमा मात्र मला टोचली, आणि ती मी मान्य करतो. फक्त बरा झालेला रोगी वैद्यच असला पाहिजे हे मान्य करत नाही. थेरीगाथेतील, म्हणजे बौद्ध भिक्षुणींच्या पाली काव्यसंग्रहातील, पटाचारा ही भिक्षुणी पाय धुताना उताराने वाहत जाणारे पाणी पाहते, मग खोलीत येऊन सुईने दिव्याची वात खाली ओढते, आणि दिवा विझावा तसे तिचे चित्त मुक्त होते. साक्ष म्हणून मला ती पुरेशी आहे.

पाणवठा :
आणि पटाचारा खरोखर होऊन गेली, हे आपण कोणत्या स्तंभावर वाचलेत?