अनुभव धागा : अमेरिकेतली दहावी, म्हणजे सोफोमोर वर्ष

संयोजक

मंडळी, अमेरिकेतल्या दहावीला बोर्ड नाही. फोनवर आजोबांना सांगायला टक्के नाहीत, वाटायला पेढे नाहीत. त्यामुळे निम्मे पालक हे वर्ष मोकळं समजतात आणि उरलेले निम्मे भारतातल्या दहावीसारखे तीन-तीन क्लास लावतात. दोन्हींत गडबड आहे. इथली दहावी एका मार्चमध्ये उरकत नाही, ती ऑगस्टपासून दर आठवड्याला थोडी थोडी ट्रान्स्क्रिप्टवर (शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर) उतरत असते. शाळेत शिकवणारे, शिकवण्या घेणारे, काउन्सेलिंग करणारे बरेच जण इथे आहेत. अनुभवातून जे पक्कं कळलंय ते लिहा. अट एकच: मुलांचं कौतुक आणि आपली रामकहाणी बाजूला ठेवून पायऱ्या, आकडे आणि नेमकं कुठे घसरतं ते सांगा.

खडूडस्टर

सुरुवात ग्रेडबुकपासून. शाळेची ऑनलाइन प्रणाली कॅनव्हास असो की पॉवरस्कूल, पालक वरचा एकच आकडा बघतात. बघायचा असतो तो सिलॅबसमधला वजनांचा तक्ता. समजा टेस्टना ७० टक्के, क्विझना २० आणि गृहपाठाला १०. मुलाचे गृहपाठात १००, क्विझमध्ये ९० आणि टेस्टमध्ये ७८ आहेत. एकूण ८२.६, म्हणजे बी मायनस. गृहपाठ कितीही सजवला तरी त्याची कमाई दहाच गुणांची. अशा वर्गात रात्रीचा जादा तास टेस्टमधल्या चुका कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवण्यात घालवावा.

दुसरी बाजू शून्याची. नऊ असाइनमेंटना ९० आणि एक दिलीच नाही, तर सरासरी ८१. तीच उशिरा देऊन ५० मिळाले तर ८६. म्हणून ‘मिसिंग’ दिसलं की त्याच दिवशी शिक्षकांना विचारायचं: उशिरा घेता का, किती कापता, कधीपर्यंत? मेल मुलानेच लिहावा, चार ओळींचा. पालकांच्या मेलला उत्तर मिळतं, सवलत मात्र मुलाच्या मेलला मिळते.

बहुतेक मुलांना या वर्षी अल्जिब्रा २ असतं. मुलं अडतात ती नव्या भागात नाही, आठवीतल्या अपूर्णांकांत आणि अवयव पाडण्यात. रॅशनल एक्स्प्रेशन्स आली की ते उघडं पडतं. दुसरी हमखास चूक म्हणजे उत्तर पडताळून न बघणं. ‘क्ष + ६’ चं वर्गमूळ = क्ष, हे समीकरण घ्या. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की उत्तरं येतात ३ आणि −२. पण −२ घालून बघितलं तर डावीकडे २ आणि उजवीकडे −२. ते उत्तर बाद. हे लिहिलं नाही की गुण गेले. आणि एक विनंती: घरी आपल्या पद्धतीने ‘मधलं पद फोडून’ शिकवण्याआधी वर्गात काय चाललंय ते वहीत बघा. बरेच शिक्षक चौकोन काढून अवयव पाडायला लावतात. गणित तेच असतं, पण परीक्षेच्या आदल्या रात्री दोन पद्धती एकमेकींत मिसळल्या की मुलाला एकही धड येत नाही.

गवतीचहा

खडूडस्टर म्हणतात ते केमिस्ट्रीत दुप्पट खरं. आपण एकमान पद्धतीवर वाढलो: एका ग्रॅमला इतके, तर छत्तीस ग्रॅमला किती. इथे एककं एकमेकांना छेद देत जाणारी साखळी लिहावी लागते. ३६ ग्रॅम पाणी × (१ मोल ÷ १८ ग्रॅम) = २ मोल. ग्रॅम वर, ग्रॅम खाली, दोन्ही काटले, उरला मोल. उत्तर बरोबर पण एककं लिहिली नाहीत तर गुण कापले जातात, आणि ते बरोबरच आहे. साखळी लिहायची सवय नसेल तर पुढे चार पायऱ्यांचं गणित आलं की सगळा गुंता होतो.

मुलं सगळ्यात जास्त पडतात ती लिमिटिंग रिअॅक्टंटला. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन दिला, तर आधी काय संपेल? दहातली सात मुलं ‘हायड्रोजन’ म्हणतात, कारण चार हा आकडा लहान दिसतो. मोल काढा: हायड्रोजन ४ ÷ २ = २ मोल, ऑक्सिजन १६ ÷ ३२ = अर्धा मोल. समीकरणात एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजन लागतात, म्हणजे अर्ध्या मोलला एकच. ऑक्सिजन आधी संपतो, पाणी होतं १ मोल म्हणजे १८ ग्रॅम, आणि २ ग्रॅम हायड्रोजन उरतो. १८ + २ = २०, सुरुवातीलाही ४ + १६ = २०. ही शेवटची बेरीज करायला दहा सेकंद लागतात आणि निम्म्या चुका तिथेच सापडतात.

लॅब रिपोर्टमध्ये ‘ह्यूमन एरर’ लिहू नका. शिक्षक त्यावर लाल रेघ मारतात. काय झालं ते लिहायचं: क्रुसिबल पुरतं गार न होता तराजूवर ठेवलं, किंवा गाळणकागदावर अवक्षेप चिकटून राहिला. आणि त्यामुळे उत्तर जास्त आलं की कमी, तेही.

सातासमुद्रापार

कॅलिफोर्नियातल्यांसाठी (बाहेरून यूसीला अर्ज करणाऱ्यांसाठीही). युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी) जीपीए, म्हणजे ए ला ४, बी ला ३ अशी ग्रेडची सरासरी, काढते ती नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या ए-जी विषयांची (यूसीने प्रवेशासाठी ठरवून दिलेल्या विषयांची). नववीच्या विषयांत किमान सी लागते, पण त्यांची ग्रेड या गणितात येत नाही. म्हणजे मीटर सुरू होतं ते दहावीत.

एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय) आणि तत्सम विषयांचा जादा एक गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरला मिळतो, आणि त्यातले दहावीतले चारच धरले जातात. याचा अर्थ दहावीत वर्षभराचे दोन असे विषय घेतले की हिशेब पूर्ण. तिसरा घ्यायचा तर आवडीसाठी घ्या, या जीपीएसाठी नको. पाच विषय, दोन वर्षं, वीस सेमिस्टर ग्रेड, सगळ्या ए: ८० + ८ = ८८, भागिले २० = ४.४. ए प्लसला वेगळं काही नाही. कॅलिफोर्नियाबाहेरच्या शाळेतल्या नुसत्या ‘ऑनर्स’ विषयाला यूसी जादा गुण देत नाही, एपी आणि आयबीला (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) देते. शेजारच्यांच्या मुलाचा वेटेड (जादा गुण धरलेला) जीपीए आणि आपल्याचा, ही तुलना इथेच संपते.

ए-जीच्या १५ वर्षभराच्या विषयांपैकी ११ बारावी सुरू होण्याआधी झाले पाहिजेत. सगळ्यात विसरला जाणारा विषय कला, एक वर्ष. रोबोटिक्सच्या नादात तो राहतो आणि बारावीत घाईने मातीची भांडी करावी लागतात.

सॅट (कॉलेज-प्रवेशाची परीक्षा) यूसी प्रवेशासाठी बघतच नाही. एमआयटीसारख्या ठिकाणी मात्र ती पुन्हा सक्तीची झाली आहे, तेव्हा यादीत दोन्ही प्रकारची कॉलेजं असतील तर सॅट द्यावीच लागते.

पेन्सिलटोक

सॅटचा विषय निघालाच आहे तर पीएसएटी, म्हणजे तिची पूर्वपरीक्षा. दहावीत ऑक्टोबरमध्ये किंवा वसंतात दिलेली पीएसएटी सरावाची. नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठी धरतात ती अकरावीतली. तिथे जो आकडा बघतात त्यात रीडिंग-रायटिंग दुप्पट मोजतात: (२ × रीडिंग-रायटिंग + मॅथ) ÷ १०. ७२० आणि ७४० असतील तर २१८. पात्रतेची रेषा राज्यागणिक वेगळी. आपली मुलं बहुधा मॅथवर खूश असतात, पण या सूत्रात दहा गुण वाचनात वाढवले की दोनाने चढतात, गणितात वाढवले की एकानेच.

परीक्षा आता ब्लूबुक अॅपवर. वाचनाचे २७ प्रश्नांचे दोन भाग, प्रत्येकी ३२ मिनिटं, आणि गणिताचे २२ प्रश्नांचे दोन भाग, प्रत्येकी ३५ मिनिटं. पहिला भाग कसा गेला त्यावर दुसरा सोपा येणार की अवघड ते ठरतं, म्हणून पहिल्या भागातली घाईची चूक महाग पडते. वाचनाच्या भागात प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो: आधी शब्दार्थ आणि उतारे, मग व्याकरण, शेवटी वाक्यं जोडणारे प्रश्न. वेळ संपली की हातचे सोपे व्याकरणाचे प्रश्न जातात. बऱ्याच मुलांना व्याकरण आधी सोडवून मागे येणं सोयीचं पडतं. घरी दोन्ही क्रमांनी एकेक सराव परीक्षा देऊन बघा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही.

दहावीत सॅटचे क्लास नकोत. अल्जिब्रा २ संपेपर्यंत गणिताचा बराच भाग शिकवलेलाच नसतो. दहावीनंतरच्या उन्हाळ्यात खान अकॅडमीवर फुकट तयारी, आठवड्याला चार-पाच तास, आणि अकरावीच्या सुरुवातीला पहिली परीक्षा. एवढं पुरतं.

बखरवाली

दहावीत बऱ्याच शाळांमध्ये एपी वर्ल्ड हिस्टरी असतं, त्याविषयी. परीक्षा मे महिन्यात असली तरी नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, आणि शाळेची आतली तारीख बहुधा त्याआधी. ती चुकली की जादा पैसे.

५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न (४० टक्के), मग तीन छोटी उत्तरं (२० टक्के), कागदपत्रांवरचा निबंध म्हणजे डीबीक्यू (२५) आणि लांब निबंध (१५). डीबीक्यूला सात कागद आणि सात गुण: प्रमेयाला (थीसिस, म्हणजे निबंधाचा मुख्य दावा) १, पार्श्वभूमीला १, पुराव्याला ३, विश्लेषणाला २. मुलं सातही कागदांचा सारांश लिहीत बसतात. त्याला पुराव्याचा एकच गुण, आणि तो तीन कागदांतही मिळतो. चार कागद आपल्या मुद्द्याला जुंपले तर दोन. तिसरा गुण कागदांबाहेरच्या एका नेमक्या पुराव्याला. दोन कागदांबाबत ‘हे कोणी, कोणासाठी, का लिहिलं आणि त्यामुळे मजकूर असा का आहे’ हे सांगितलं तर विश्लेषणातला एक. प्रमेयात ‘कारण’ हवं. ‘बरेच बदल झाले’ हे प्रमेय नव्हे.

बाहेरच्या पुराव्यासाठी आपल्या मुलांकडे एक हुकमी पान आहे. अभ्यासक्रमात राज्यसत्तेला झालेल्या विरोधाच्या उदाहरणांत मराठे आणि मोगल यांचा संघर्ष नावानिशी दिलेला आहे. पण ‘शिवाजी महाराज थोर होते’ याला शून्य. मोगल विस्ताराला प्रादेशिक सत्तेने गनिमी काव्याने आणि किल्ल्यांच्या आधाराने कसं तोंड दिलं, औरंगजेबाची शेवटची वर्षं दख्खनमध्ये कशी गेली आणि त्याचा केंद्रावर काय ताण पडला, असं दोन-तीन वाक्यांत लिहायचं.

परीक्षा संगणकावर असल्याने टायपिंगचा वेगही तपासा. फोनच्या दोन अंगठ्यांवर वाढलेली मुलं चाळीस मिनिटांच्या निबंधात अडकतात.

भिंगरी

बखरवालींना एक प्रश्न: घरी बोलतो त्या मराठीचा ट्रान्स्क्रिप्टवर काही उपयोग होतो का?

बखरवाली

होतो, पण आपोआप नाही. दोन वाटा आहेत. मंडळाच्या मराठी शाळेच्या प्रमाणपत्राला परकीय भाषेचं क्रेडिट द्यायचं की नाही ते प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट ठरवतं, तेव्हा काउन्सेलरकडून लेखी उत्तर घ्या. दुसरी वाट सील ऑफ बायलिटरसी, म्हणजे दोन भाषा लिहिता-वाचता येतात अशी डिप्लोमावरची मोहोर. हे कॅलिफोर्नियाच्या २०११ च्या कायद्याने सुरू झालं, आता बहुतेक राज्यांत आहे. त्यासाठी मान्य भाषा-परीक्षेत ठरावीक पातळी लागते आणि तिथे वाचन-लेखनही असतं. ‘बोलतो की छान’ म्हणणारी मुलं जोडाक्षरांवर आडवी होतात. दहावीत आठवड्याला दोनदा अर्धा-अर्धा तास देवनागरी वाचली, एक पान लिहिलं, की अकरावीत परीक्षा देता येते.

कागदी_घोडा

पैशांचं कोणी बोलत नाहीये. फाफ्सा (कॉलेजच्या सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) बारावीत भरतात म्हणून सगळे निवांत. पण त्यात दोन वर्षं आधीचं टॅक्स रिटर्न बघतात. २०२५-२६ मध्ये दहावीत असलेल्या मुलाचं कॉलेज २०२८ च्या फॉलमध्ये सुरू होणार, आणि २०२८-२९ च्या फाफ्साला २०२६ चं उत्पन्न लागणार. म्हणजे दहावीच्या मधल्या जानेवारीपासून अकरावीच्या मधल्या डिसेंबरपर्यंत. या बारा महिन्यांत शेअर विकले, रॉथ कन्व्हर्जन (निवृत्ती खात्यातले पैसे कर भरून रॉथ खात्यात हलवणं) केलं, पुण्याचा फ्लॅट विकून नफा झाला, तर ते सगळं उत्पन्नात दिसतं. फ्लॅट विकला नाही तरी राहतं घर सोडून बाकीची स्थावर मालमत्ता गुंतवणूक म्हणून दाखवावी लागते, भारतातलीसुद्धा. विकायचाच असेल तर दहावीचा डिसेंबर संपण्याआधी.

पालकांच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग धरतात, मुलाच्या नावावरच्या पैशाचा २० टक्के. आजीने नातीच्या नावाने कस्टोडियल खात्यात ठेवलेले पैसे या दुसऱ्या हिशेबात येतात. पालकांच्या ५२९ (शिक्षणासाठीचं बचत खातं) मधले पहिल्या.

एच-४ (एच-१बी व्हिसावाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वरच्या मुलांना फाफ्साची सरकारी मदत नाही, ग्रीन कार्ड असेल तर आहे. इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांच्या कमी) फीचे नियम राज्याराज्यांत वेगळे. आणि एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, म्हणजे बहुधा कॉलेजच्या मध्यात. ही तारीख दहावीतच कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि वकिलाशी बोला. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता आपल्याला किती पडेल ते सांगणारा) असतो. तीन कॉलेजांचे आकडे भरून एक शनिवार घालवा, यादी आपोआप बदलते.

भिंगरी

उपक्रमांची वही आत्ताच सुरू करा. कॉमन अॅपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच प्रवेश अर्जात) दहाच उपक्रम बसतात आणि वर्णनाला १५० अक्षरं. यूसीत वीस, ३५० अक्षरं. दर महिन्याच्या शेवटी तीन गोष्टी टिपायच्या: काय केलं, आठवड्याला किती तास, त्यातून काय उभं राहिलं. बारावीत हे आठवत नाही आणि मग तास अंदाजाने भरले जातात. गणेशोत्सवाच्या नाटकात प्रकाशयोजना केली असेल तर तीही लिहा. ‘मंडळात मदत’ असं नाही, ‘बारा प्रवेशांचे लाइट क्यू बसवले’ असं.

नामांकित विद्यापीठाच्या आवारात पैसे भरून केलेल्या दोन आठवड्यांच्या उन्हाळी शिबिराला प्रवेशात फारसं वजन नाही. निवड करून घेणाऱ्या कार्यक्रमांचे अर्ज बहुधा जानेवारी ते मार्चमध्ये बंद होतात, मे महिन्यात शोधू नका.

खडूडस्टर

शेवटी तिकिटांचं. डिसेंबरच्या दहा-बाराला भारताचं भाडं कमी दिसतं म्हणून बुकिंग होतं आणि सेमिस्टर फायनल नेमकी त्याच्या पुढच्या आठवड्यात निघते. काही शिक्षक आधी परीक्षा घेतात, काही घेत नाहीत. फायनलला २० टक्के वजन असेल आणि ती बुडाली तर ९२ वाल्याचे ७३.६ होतात. शाळेचं कॅलेंडर ऑगस्टमध्येच येतं. आधी ते उघडा, मग तिकिटांची साइट.