मदत हवी आहे: पिल्लांच्या मोटर न्यूरॉनचं गणित जुळत नाहीये

जळगावला एम.एस्सी. प्राणिशास्त्र करतोय, सोमवारी सेमिनार आहे. उंदराची पिल्लं वाढतात तसे मोटर न्यूरॉन (स्नायूंना हालचालीचा संदेश देणाऱ्या चेतापेशी) मोठे होतात, इनपुट रेझिस्टन्स (पेशीचा करंटला होणारा विरोध) घटतो आणि फायर व्हायला, म्हणजे संदेश सोडायला, जास्त करंट लागतो, इथपर्यंत समजलं. शास्त्रज्ञ हेनेमनचं आकाराचं तत्त्वही (लहान न्यूरॉन आधी फायर होतात, मोठे नंतर) वाचलंय. पण वहीत ओमच्या नियमाने मांडलं की गाडी अडते. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात स्लो-फास्ट न्यूरॉन (संथ आणि वेगवान स्नायूतंतूंना जोडलेले) जवळपास सारख्याच करंटला फायर होतात. पुढे या दोघांना लागणाऱ्या करंटमधलं वाढणारं अंतर नुसत्या आकाराने सुटत नाही. पर्सिस्टंट इनवर्ड करंट (पेशीत आत येणारा, टिकून राहणारा करंट) आणि आयएच (पेशीचं व्होल्टेज जास्त ऋण झालं की सुरू होणारा, आत येणारा करंट), दोघांवर संशय आहे. रेकॉर्डिंगची सोय इकडे नाही, त्यामुळे प्रयोग सुचवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात यातला कोणता करंट कोणत्या न्यूरॉनचा थ्रेशोल्ड (फायर व्हायला लागणारा किमान करंट) हलवतो, आणि कुठल्या दिशेने?