११ नोव्हेंबर आणि अपशिंगे
काही जण म्हणतात ना की ११ नोव्हेंबर, म्हणजे पहिलं महायुद्ध थांबलं तो दिवस, हा गोऱ्यांचा दिवस, आपला काय संबंध? अहो साताऱ्याहून अपशिंगे मिलिटरी या गावाला एकदा जाऊन या. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले, इंग्रजांनी उभारलेलं स्मारक अजून आहे. २६ जुलैला (कारगिल) नि १६ डिसेंबरला (१९७१ चा विजय) आपण स्टेटस टाकतो, ते बरोबरच आहे, पण १९१४ वाले त्यात कुठंच येत नाहीत. तिकडं ब्रिटनमध्ये, १९१८ ला याच दिवशी सकाळी ११ ला तोफा थांबल्या म्हणून, त्याच वेळेला दोन मिनिटं गप उभं राहतात, कोटाला लाल पॉपी लावतात (म्हणजे आपल्या खसखशीचीच भावकी). मी गेलेलो तेव्हा स्मारकापुढं झेंडूचा हार होता, सुकून पार तपकिरी झालेला, नि शेजारी दोन म्हातारे पेन्शनच्या गप्पा मारत बसलेले.