लिमिटेड एडिशन रेझर कारागिरांनी परत काढावेत का?

रविवारची_दाढी
मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते आज मांडतोच. परदेशात एक छोटं वर्कशॉप आहे, दोन माणसं आणि एक कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन, त्यांनी सहा वर्षांपूर्वी कांस्याचा डबल एज (दोन्ही बाजूंना धार असलेलं ब्लेड लागतं तो) सेफ्टी रेझर काढला होता, १०० नग, प्रत्येकाच्या दांड्याच्या बुडाला नंबर कोरलेला. तेव्हाच संपला. आता ते जुन्या गिऱ्हाइकांना मेल करून विचारतायत की तोच रेझर परत काढू का, आणि ज्यांच्याकडे पहिले आहेत त्यातले बरेच जण चिडलेत. माझं मत सरळ आहे, काढावा. मित्राकडचा आठवडाभर वापरलाय मी. माझ्या हनुवटीखाली डाव्या बाजूला केस आडवे वाढतात, तिथे कुठलाही रेझर घ्या दोन तरी टिपके रक्ताचे येतातच आणि तुरटी फिरवावी लागते, याने आठवडाभरात एकदाही आलं नाही. आज तो घ्यायचा म्हटलं तर सेकंडहँडमध्ये मूळ किमतीच्या तिप्पट मागतात आणि त्यातला एक रुपयासुद्धा बनवणाऱ्याला जात नाही. ज्याने घाम गाळला त्याला सोडून मधल्याच माणसाने का कमवायचं?

नंबर_४१
मी त्या १०० जणांपैकी एक, आयडीवरून कळलंच असेल. चार महिने थोडे थोडे पैसे बाजूला टाकून घेतलाय, वर कस्टम ड्युटी भरली ती वेगळीच. विकायचा नाहीये, रोज वापरतो, त्यामुळे भाव पडेल म्हणून रडतोय असं कुणी समजू नका. पण त्यांनी विकताना लिहिलं होतं की १०० झाले की हा परत बनणार नाही. त्या वाक्यावर भरवसा ठेवून मी पैसे मोजले. छापाचित्रं करणारे चित्रकार बघा, ठरलेल्या प्रती छापून झाल्या की प्लेटवर आडवी रेघ ओढून ती बाद करतात, म्हणजे उद्या स्वतःलाही मोह व्हायला नको. ही रीत उगाच पडली नाही राव. शब्द दिला की दिला.

जुना_बाजार_बुधवार
@नंबर_४१ शब्दाचं कळलं, पण परत काढल्याने जुन्याची किंमत जाते हे काही मला पटत नाही. जिलेटचा फॅटबॉय घ्या, रिंग फिरवून दाढी मवाळ-कडक करता येणारा ॲडजस्टेबल रेझर, १९५८ ते ६१ एवढीच वर्षं बनला. मला पुण्यात जुन्या बाजारात मिळाला, निकेल काळं पडलेलं, डोक्याखालच्या रिंगच्या खाचेत साबण दगडासारखा घट्ट झालेला, १ ते ९ मधला फक्त ५ वाचता येत होता. कोमट पाण्यात रात्रभर ठेवून दातांच्या ब्रशने घासला तेव्हा खाली एफ ३ कोड दिसला, म्हणजे १९६० सालची तिसरी तिमाही. तो कोड वाचताना जे वाटलं ना ते नवीन रेझरने कधीच वाटणार नाही. त्याच धर्तीचे ॲडजस्टेबल आज नवीन मिळतात, तरी लोक जुना फॅटबॉय शोधतातच.

नंबर_४१
पण फॅटबॉय लिमिटेड एडिशन कुठे होता? जिलेटने ढिगाने बनवले, कुणाला नंबर दिला नव्हता की परत बनवणार नाही असंही म्हटलं नव्हतं. उद्या जिलेटने हुबेहूब फॅटबॉय काढला तर पहिला मीच घेईन. माझा राग परत काढण्यावर नाही, 'परत नाही' म्हणून परत काढण्यावर आहे.

भोसरी_टर्निंग
मी स्वतः मशीनवर काम करतो, रेझर नाही बनवत पण असेच छोटे जॉब करतो म्हणून लिहितो. तुम्हाला १०० हा आकडा मार्केटिंगचा वाटत असेल, बहुतेक वेळा तो रॉडचा असतो. कांस्याचा जेवढा रॉड उचलला त्यात जेवढे नग बसले तेवढे. ब्लेड ०.१ मिलिमीटर जाडीचं, ते वरच्या कॅपच्या गोलाईवर वाकवून खालच्या प्लेटने दाबायचं असतं, आणि दोन्ही बाजूंचा ब्लेड-प्लेटमधला गॅप पाच-सात शतांश मिलिमीटरनेही इकडे तिकडे झाला तर एका बाजूने दाढी मऊ होते आणि दुसरी बाजू ओरबाडते. हे जमेपर्यंत सुरुवातीचे कितीतरी जॉब भंगारात जातात. मग प्रत्येक नगाची बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची कुसळं, हाताने काढायची. सहा वर्षांपूर्वी त्या माणसाला वाटलं असेल की बास, परत हे करणं नको, म्हणून लिहून गेला. आज हात बसलाय, फिक्स्चर (जॉब मशीनवर पकडायची जोडणी) तयार आहे, घर चालवायचंय. त्याला एका वाक्यात जन्मभर बांधून ठेवायचं हे मला तरी जड वाटतं.

शाई_आणि_साबण
पेनवाल्यांकडे हे होऊन गेलंय. पार्कर ५१ मूळ १९४१चं, कंपनीने २०२१ला नव्याने आणलं. जुन्याचं टोपण नुसतं सरकवलं की बसायचं, नव्याला आटे दिले, फिरवून लावायचं. जुन्या लोकांना ते रुचलं नाही, पण जुनं ५१ वापरणारे आजही तेच वापरतात. मुद्दा एवढाच की नवीन-जुनं लांबून ओळखता आलं पाहिजे. उलट उदाहरण म्यूले या जर्मन कंपनीच्या आर४१ रेझरचं, २०११ला डोकं बदललं, २०१३ला परत थोडं मवाळ केलं, नाव तेच ठेवलं, आजही सेकंडहँड घेताना पहिला प्रश्न तो असतो, कुठल्या सालचा?

रविवारची_दाढी
@शाई_आणि_साबण हेच म्हणतोय मी! कांस्यात नको, स्टीलमध्ये काढा, नंबर कोरू नका, बुडाला साल टाका. पहिले १०० ते पहिले १००च राहतील.

नंबर_४१
मग तो वेगळा रेझर झाला, वेगळं नाव द्या, माझी काही हरकत नाही. पण मेलमध्ये 'तोच रेझर' लिहिलंय, शब्दाला शब्द. भोसरीवाल्या दादांचं मात्र वाचून दोनदा थांबलो, रॉडचा हिशेब माझ्या डोक्यातच नव्हता. तरी वाटतं की रॉड संपला असेल तर 'सध्या एवढेच' लिहायचं होतं, 'कधीच नाही' का लिहिलं?

भोसरी_टर्निंग
हे मान्य. तिथे चुकलाच तो. एक विचारू का, तुमच्या ४१ नंबरचे आटे गेले तर काय करणार? रोज उघडता, रोज पिळता, कांस्य स्टीलपेक्षा मऊ. दांड्यातले आतले आटे आज ना उद्या झिजणारच. परत बनवणार नाही म्हणजे सुटा दांडा पण बनवणार नाही, असाच अर्थ होतो ना?

नंबर_४१
खरं सांगू, गेल्या दिवाळीपासून शेवटची अर्धी फेरी ढिली लागतेय. पिळताना बोटांना कळतं. मी कुणाला बोललो नव्हतो. सुटे भाग काढायला माझा विरोध नाही, कधीच नव्हता, आणि ते शब्द मोडणंही नाही कारण नग १००च राहतात. त्यांना आजच लिहितो की ज्यांच्याकडे नंबर आहे त्यांच्यासाठी आधी दांडे आणि बेसप्लेट (ब्लेडखालची प्लेट) काढा, आणि स्टीलवाला काढायचा तर दुसऱ्या नावाने काढा. कांस्याच्या हुबेहूब रेझरला मात्र माझं 'नाही'च राहील, ते पण लिहितो.

रविवारची_दाढी
लिहा, आणि स्टीलवाल्यासाठी माझं नाव पण टाका त्यात. उत्तर आलं की इथे सांगा.